होडीला पाठ लावताना

आमच्या घरी दिवस उजाडायचा तो आयच्या एका हुंकाराने. ओट्याच्या पायथ्याशी ती उकिडवी बसायची, लुगड्याचा काचा आवळून, डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवून. मग मी एका बाजूने आणि बा दुसऱ्या बाजूने मासळीची भरलेली पाटी उचलून तिच्या डोक्यावर द्यायचो. पाटी नीट बसली की आय क्षणभर डोळे मिटायची, ‘हूं’ असा आवाज पोटातून काढायची आणि सरळ उठून उभी राहायची. पाण्याचे ओघळ तिच्या कानामागून पाठीवर उतरत असायचे. मग ती घोलवडच्या रस्त्याला लागायची आणि वाड्यांमधून, बंगल्यांमधून मासळी विकून दुपारी परत यायची. आठवड्यातून एकदा सुकी मासळी घेऊन तलासरीच्या बाजाराला जायची आणि येताना पाटीत तांदूळ, वाल, कधी रानातली करटोली घेऊन यायची. जाताना ओझं आणि येतानाही ओझं. तिचे हात काटक्यांसारखे होते. त्यामुळे आमची आय ताकदवान आहे असं माझ्या मनात चुकूनही कधी आलं नाही. आता खुर्चीतून उठताना तोच हुंकार माझ्या तोंडून निघतो आणि सूनबाई आतून विचारते, “काही हवंय का?”

आमचं घर झाईला, अगदी किनाऱ्यावर. पलीकडे गुजरात, त्यामुळे आमच्या बोलण्यात अर्धी गुजराती कधी मिसळायची ते आम्हालाच कळायचं नाही. अंगणात बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असायचे आणि त्यांचा वास कपड्यांना, वह्यांना, सगळ्याला लागायचा. शाळेत बागायतदारांची मुलं माझ्या शेजारी बसताना नाक मुरडायची, आणि मधल्या सुट्टीत माझ्याच डब्यातल्या तांदळाच्या भाकरीवर आणि सुकटीच्या चटणीवर तुटून पडायची. बा बुटका होता. पाय धनुष्यासारखे वाकलेले, मांड्या जाड, हात साधेच. चालायला लागला की बदकासारखा डुलायचा. मला त्याची लाज वाटायची. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, पण वाटायची हे खरं आहे.

डहाणूच्या बाजारात एका न्हाव्याच्या दुकानात, आरशाच्या वर, कुठल्याशा मासिकातून कापलेलं एका पहिलवानाचं चित्र डकवलेलं होतं. उघडा, तेल लावलेला, एक हात कोपरात वाकवलेला आणि त्यावर नारळाएवढा दंड. केस कापून घेताना मी तेच बघत बसायचो. न्हावी म्हणायचा, “मान खाली घाल रे, नाहीतर कान जाईल.” मला तो दंड हवा होता. छाती नको, मांड्या नकोत, पाठ तर माणसाला स्वतःला दिसतही नाही. मला फक्त दंड हवा होता. आणि नशीब असं की घोलवडच्या ज्या बंगल्यात आय मासळी द्यायची, तिथल्या म्हाताऱ्या पारशी शेठने माळा झाडताना निघालेली डंबेल्सची गंजकी जोडी मलाच दिली. “लई जा, दीकरा, तने काम आवसे,” घेऊन जा, तुझ्या उपयोगी पडेल, असं ते म्हणाले. मी ती जोडी पिशवीत घालून झाईपर्यंत चालत आणली. वाटेत चार वेळा खाली ठेवावी लागली, पण त्यातून काही शिकावं एवढी अक्कल मला तेव्हा नव्हती.

मग रोज संध्याकाळी, आयच्या फुटक्या आरशासमोर, मी हात वाकवत आणि सरळ करत बसू लागलो. बसूनच, कारण उभं राहिलं की आरशात दंड दिसत नसे. जाळ्याचं सूत घेऊन मी दंड मोजायचो आणि जिथपर्यंत भरेल तिथे गाठ मारायचो. महिन्यामागून महिने गाठी पुढे सरकू लागल्या. आयने एक कोंबडी विकायला ठेवली होती, ती माझ्यासाठी राखली. रोजचं अंडं मला. “पोऱ्याला अंग भरायचा हाय,” ती शेजारणीला कौतुकाने सांगायची. आणि मी त्या अंड्याच्या बदल्यात काय केलं, तर सकाळी तिची पाटी उचलून द्यायचं बंद केलं. सकाळी पाटी उचलली की हात शिणतात आणि संध्याकाळी डंबेल्स नीट होत नाहीत, असा माझा शोध होता. बा समुद्रावर असला की आय पाटी आधी ओट्यावर चढवायची, मग ओट्याला पाठ लावून वाकायची आणि एकटीच डोक्यावर घ्यायची.

आमच्या गावात तालीम म्हणजे मिठाची एक रिकामी खोप होती आणि ती चालवायचे भिकूतात्या. तात्या मूळचे कैनाडचे, शेतकऱ्याच्या घरचे. लग्न करून झाईलाच राहिले, म्हणून गाव त्यांना घरजावई म्हणून चिडवायचं. “घरजावई असलो तरी सासऱ्याला उचलून आपटू शकतो,” असं ते हसत सांगायचे. त्यांच्या तालमीत कौतुकाच्या वस्तू नव्हत्या. जमिनीवर जोर, बैठका, नमस्कार, छताला टांगलेला जाड दोर आणि कोपऱ्यात समुद्रातून आणलेला एक गोल काळा गोटा. तो जमिनीवरून उचलायचा, गुडघ्यांवर घ्यायचा आणि खांद्यावर न्यायचा. नवीन आलेल्या प्रत्येकाला ते आधी गोट्याकडे न्यायचे.

मी दंड दाखवायलाच गेलो होतो म्हणा ना. सदरा काढला, हात वाकवला. तात्यांनी बोटाने दंड दाबून बघितला.

“बरा हाय,” ते म्हणाले. “आता गोटा उचल.”

मी वाकलो, हात घातले आणि ओढला. गोटा वीतभर उठला आणि निसटला. पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा कंबरेत कळ आली आणि मी मागे बसलो. पोरं हसली. तात्या हसले नाहीत.

“हातानं उचलाय बगतोस, जनू. गोटा हातानं उचलत नाय. हात फक्त धरायला. उचलतात पाय, कंबर आन् पाठ, सगळी मिळून. घर बांधायच्या आधी तू दाराला रंग काढला.”

“मंग काय करू?”

“ती लोखंडं सहा महिने माळ्यावर टाक. बैठका मार, जोर मार, दोर चढ. आन् रोज सकाळी आयची पाटी उचलून दे. उकिडवा बसून, पाठ ताठ ठेवून. एवढा जरी केला तरी पुरे हाय.”

पाटी उचलून देणं ही कसरत! मला वाटलं म्हातारा माझी टिंगल करतोय. बैठका मारून काय मिळणार, तर बासारख्या मांड्या. मी दुसऱ्या दिवसापासून तालमीत गेलो नाही. घरी सांगितलं की तिथे फार घाण असते. गावाने मात्र माझे दंडच बघितले. लग्नाच्या वरातीत पोरं मला सदऱ्याच्या बाह्या वर करायला लावायची. म्हातारे कोळी माझा हात दाबून बघायचे आणि बाला म्हणायचे, “तुजा पोऱ्या बैल निघाला रे!” बा लाजून खाली बघायचा आणि खूश व्हायचा. आमच्याकडे माणसाची परीक्षा हातावरून होते. दोर ओढतो तो हात, जाळं फेकतो तो हात. खालचं सगळं पाण्यात किंवा चिखलात असतं, ते कोण बघतो?

पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर काढतात. उधाणाच्या भरतीला होडी जितकी आत आणता येईल तितकी आणायची, मग माशाचं तेल माखलेल्या फळ्या वाळूवर टाकायच्या आणि पुढून सगळ्या गावाने दोर ओढायचा. होडीचा तळ निमुळता, त्यामुळे ती एका कुशीवर कलते. म्हणून दोन्ही अंगांना माणसं लागतात. ती होडीला पाठ लावून अर्धी बसतात आणि प्रत्येक ओढीबरोबर खेकड्यासारखी आडवी सरकतात. यातली मागची, समुद्राकडची जागा सगळ्यात जड, आणि ती होडीच्या मालकाच्या घरची. तिथे दुसरा कुणी पाठ लावत नाही. मुलगा मोठा झाला की एका वर्षी बाप ती जागा त्याला देतो. आपला कंबरेचा लाल रुमाल सोडून मुलाच्या कंबरेला बांधतो, नारळ फोडतो आणि स्वतः पुढे दोरावर जातो. त्या दिवसापासून मुलगा घरचा पुरुष. बायकांनी मात्र होडी वर चढेपर्यंत तिला हात लावायचा नाही, ही रीत.

मी अकरावीला बसलो त्या वर्षी बाने ठरवलं की जागा मला द्यायची. हे गावभर झालं, आणि दोन दिवसांनी तात्या आमच्या ओट्यावर आले. मी आत जाळं उलगडत होतो.

“यंदा नको, भाऊ,” तात्या बाला म्हणाले. “पुढच्या वर्षी दे. पोऱ्या अजून तयार नाय.”

“तयार नाय? त्याचा हात बघितला काय?”

“हात बघितला. पाय नाय बघितले.”

बाच्या आवाजात धार आली. “तुमच्या तालमीत येत नाय म्हणून बोलता ना तुम्ही?”

तात्या म्हणाले, “त्यालाच विचार. गोटा उचलला काय त्यानं, विचार.”

बा आत वळला. “जनू, काय रे?”

त्या एका क्षणात मला सगळं सांगता आलं असतं. एक शब्द पुरला असता. बाच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मला मोडवला नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं असं की मला लाज वाटली. मी म्हणालो, “तवा पहिलाच दिवस होता. आता उचलीन.” तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, चपला पायात घातल्या आणि गेले.

होडी काढायच्या दिवशी सकाळीच भरती होती. आयने पहाटे उठून सगळ्यांसाठी भाकऱ्या थापल्या होत्या, बोंबलाचं कालवण केलं होतं आणि चहाचं मोठं पातेलं चढवलं होतं. बाने रुमाल सोडला. माझ्या कंबरेला बांधून गाठ दोनदा ओढून बघितली. “पाठ ताठ ठेव आन् खाली बस,” तो कानात म्हणाला. “हात लावू नको. हात मोकळे सोड.” नारळ फुटला. मी होडीच्या अंगाला गेलो, पाठ लावली आणि अर्धा बसलो. पहिली हाक आली, “होऽऽ हैसा!” होडी सरकली आणि तिचं वजन माझ्यावर आलं. तसं वजन मी जन्मात अनुभवलं नव्हतं. ते पाठीतून मांड्यांमध्ये उतरलं आणि मांड्या थरथरायला लागल्या. दुसरी हाक, तिसरी हाक. पाचव्या ओढीला मला समजलं की माझे पाय आता राहणार नाहीत. ओरडावं, ‘थांबा’ म्हणावं, हे सुचलं नाही. जे मला येत होतं तेच मी केलं. मी वळलो, होडीकडे तोंड केलं आणि दोन्ही हातांनी तिला ढकलायला लागलो.

दंड फुगले असतील बहुतेक. दिसायला छान दिसले असतील. कोपरं मुडपली आणि होडी माझ्यावर यायला लागली.

बाने दोर सोडला. तो बुटका, डुलत चालणारा माणूस इतका पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. त्याने मला खांद्याने बाजूला फेकलं आणि माझ्या जागी पाठ घालून खाली बसला. थोडा वेळ होडी थांबलीसुद्धा. मग त्याच्या पायाखालची तेलकट फळी सरकली, तो बसल्या जागी घसरला आणि होडी त्याच्या खुब्यावर टेकली. तो ओरडला नाही. त्याने फक्त माझं नाव घेतलं.

मी होडीची कड दोन्ही हातांनी धरली आणि वर उचलायला लागलो. होडी हलली नाही. पुन्हा ओढलं. माझ्या तोंडातून कसले कसले आवाज निघत होते, बा माझ्याकडे बघत होता, आणि ती लाकडाची कड माझ्या मुठीत होती, तितकीच स्थिर, जणू मी तिथे नव्हतोच. आयुष्यात पुढे मी पुष्कळ हतबल झालो, पण तसा पुन्हा झालो नाही. अंगाला पाठ लावलेले जागचे हलू शकत नव्हते आणि दोरावरचे पुरुष दोर सोडू शकत नव्हते, सोडला असता तर होडी मागे घसरून सगळीच त्याच्यावर गेली असती.

तेव्हा आय आली. कपाळाला पीठ लागलेलं, काचा आवळलेला. तिने कुणाला विचारलं नाही. ती होडीखाली शिरून उकिडवी बसली आणि पाठ आणि मान लाकडाला लावली. तिच्या मागोमाग चार मासळीवाल्या आल्या, तशाच बसल्या, पाटी घ्यायला बसतात तशा. कुणीतरी ओरडलं, “बायांनी हात लावायचा नाय!” आयने डोळे मिटले. मग तो रोजचा हुंकार मी ऐकला, पाचही जणींचा एकदम, आणि होडी उठली. फार नाही, वीतभर. तेवढ्यात हाक देणाऱ्या तात्यांनी पुढे होऊन बाच्या काखेत हात घालून त्याला बाहेर ओढलं.

बाला घोलवडहून डहाणूला नेलं ते चिकूच्या ट्रकमधून. करंड्यांच्या मधे गवत पसरून त्याला निजवलं होतं. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि ट्रक उसळला की तो दात आवळायचा. पिकलेल्या चिकूचा वास मला आजही सहन होत नाही. घरात कुणी चिकू आणले की मी ओट्यावर येऊन बसतो. डॉक्टर भले होते. त्यांनी जे करता येईल ते केलं आणि मग मला बाहेर घेऊन सांगितलं की जीव वाचला, पण पाय आता त्याला उभं करणार नाहीत.

गावाने वेगळाच निकाल लावला. त्या पावसाळ्यानंतर मासळी कमी लागली आणि कुणीतरी म्हणालं, बायांनी होडीला हात लावला, मग दुसरं काय होणार? ते बोलणं आयच्या कानावर विहिरीवर आलं, बाजारात आलं. ती मान खाली घालून पाटी घेऊन जायची. मी त्या लोकांमध्ये उभा असायचो. होडी माझ्या पायांमुळे कलली, बायांमुळे उचलली गेली, एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो नाही. एकदाही नाही. पाठीचा कणा म्हणतात तो काही नुसता बैठका मारून येत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

बा दारात बसून जाळी शिवायला लागला. एके दिवशी त्याच्या हाताला माझं ते गाठींचं सूत लागलं. “या गाठी कुणी मारल्या रे?” त्याने विचारलं. मी सांगितलं कशाच्या गाठी ते. मला वाटलं आता तरी तो चिडेल. मी त्याची वाटच बघत होतो. पण त्याने एकेक गाठ दाताने सोडवली, सूत मांडीवर सरळ केलं आणि सुईत ओवलं.

“मीपण हातच बघितला ना,” तो म्हणाला. “तुजा एकट्याचा नाय.”

मग मी तात्यांकडे गेलो. त्यांनी बोटाने कोपरा दाखवला. जोर, बैठका, दोर. सकाळी आयची पाटी. सहा महिन्यांनी गोटा गुडघ्यांवर आला, वर्षाने खांद्यावर. पण खरी कसरत घरी होती. बाला रोज सकाळी उठवून मागच्या परसात न्यायचं, मग आंघोळीच्या दगडावर, मग दारात. त्याचं कमरेवरचं अंग अजून दणकट होतं आणि खालचं अंग मेलेलं, त्यामुळे तो फार जड लागायचा. मी उकिडवा बसायचो, पाठ ताठ करायचो, त्याचे हात माझ्या गळ्यात घ्यायचो आणि पायांवर उठायचो. पहिल्या दिवसांत दोनदा आम्ही दोघेही पडलो. नंतर जमायला लागलं. बा मस्करी करायचा, “सावकाश रे, मी होडी नाय.” त्यावर आम्ही दोघंही हसायचो नाही, पण तो म्हणायचा.

माझा नातू हल्ली रोज बोईसरच्या जिममध्ये जातो आणि आरशासमोर हात वाकवून फोनमध्ये फोटो काढतो. मी त्याला म्हणतो, आधी बैठका मार, वजन जमिनीवरून उचलायला शीक, दंडाचं मागून बघ. तो म्हणतो, “आजोबा, ट्रेनरपण हेच सांगतो, पण बोअर होतं.” कुणाचं ऐकायला मी तरी कुठे तयार होतो?

बाला उचलायचं काम मी नऊ वर्षं केलं. त्यात माझ्या मांड्या त्याच्यासारख्या जाड झाल्या आणि मीही थोडा डुलत चालायला लागलो. गावातली पोरं मागून बघून फसायची, बा चालला असं त्यांना वाटायचं. माझी ताकद वाढत होती तसा तो कमी होत होता. आधी खांदे उतरले, मग हात, मग गाल. ते रोज थोडं थोडं होत गेल्यामुळे माझ्या लक्षात येत नव्हतं, किंवा मी येऊ देत नव्हतो. एका सकाळी परसात न्यायला मी त्याच्याजवळ गेलो. आय ओट्याखाली पाटीजवळ बसली होती. तिला उशीर होत होता आणि मी घाईत होतो, त्यामुळे उकिडवा बसायचं विसरलो. नुसता वाकलो, त्याच्या पाठीखाली आणि गुडघ्यांखाली हात घातले आणि उचललं.

बा सहज उचलला गेला. ना पायांचा जोर लागला, ना कंबरेचा. नुसते हात पुरले.

त्यालाही ते कळलं. तो माझ्या दंडाकडे बघून हसला, जसा पूर्वी गावातले म्हातारे कौतुक करायचे तेव्हा हसायचा. मी त्याला तसाच धरून उभा राहिलो. खाली ठेवायचं धैर्य मला होईना.